स्पंज वरून वाळतो, आतून नाही

"वाढदिवसांना फेस पेंटिंग करायला लागून सहा महिने झाले. एका कार्यक्रमात तीस-चाळीस मुलं असतात. ब्रश मधेमधे डेटॉलच्या पाण्यात बुडवते, घरी आल्यावर स्पंज साबणाने धुऊन डब्यात भरते. तरी दोन-तीन कार्यक्रमांनंतर स्पंजांना कुबट वास येतो आणि ब्रशांचे खराटे झालेत. मागच्या रविवारी एका आईने सगळ्यांसमोर विचारलं, सगळ्यांना हाच ब्रश का? मला उत्तर देता आलं नाही. नक्की काय करायचं?" असा तुमचा प्रश्न.

"धुऊन डब्यात भरते" हे तीन शब्द वाचले आणि वास कुठून येतो ते कळलं. तुमचं धुणं कदाचित चांगलंच असेल, पण वाळवणं राहतंय. फेस पेंटिंगचा दाट विणीचा स्पंज पाणी धरून ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. वरचा थर दोन तासांत कोरडा लागतो, मधला गाभा दुसऱ्या दिवशीही ओला असतो. कुरडईसारखंच. वरून कडकडीत वाटली म्हणून डब्यात भरली की आठ दिवसांनी आत पांढरी बुरशी दिसते. स्पंजात तर साबणाने न निघालेला थोडा रंग, थोडं ग्लिसरीन आणि चाळीस मुलांच्या गालांवरचा घाम, आइस्क्रीम, केकचं क्रीम असं सगळं असतं. त्यात ओल आणि वर घट्ट झाकण. वास येणारच.

वाळला की नाही हे बोटांनी कळत नाही. मी स्पंज चिमटीत दाबते आणि तसाच दाबलेला मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवते. गार लागला तर आत पाणी आहे. नुसता मऊ लागला, गार नाही, तर वाळला. मी ठाण्यात राहते. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत खिडकीत टाकलेला स्पंज तीन दिवस गार लागतो. म्हणून पावसाळ्यात स्पंज जाळीच्या पिशवीत एका थरात पसरून टेबलफॅनसमोर रात्रभर आणि पुन्हा दिवसभर. उन्हाळ्यात गच्चीवर एक कडक ऊन पुरतं. स्पंज एकमेकांवर रचू नका. ठेवायलाही हवाबंद डबा नको, जाळीची किंवा सुती पिशवी घ्या. आणि स्पंजांचे दोन संच करा, म्हणजे शनिवारचे वाळत असताना रविवारचा कार्यक्रम अडत नाही. ओला स्पंज घेऊन जाण्याचा मोह बहुतेक वेळा सामान कमी असल्यामुळेच होतो.

आता धुण्याकडे. कार्यक्रम संपला की शक्य तितक्या लवकर, निदान त्याच रात्री. मला माहीत आहे, रात्री अकराला घरी आल्यावर नको वाटतं. तेव्हा एवढंच करा: बादलीत कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, त्यात स्पंज बुडवा आणि जेवून घ्या. पंधरा-वीस मिनिटांत रंग सुटायला लागतो. मग वाहत्या नळाखाली एकेक स्पंज दाबायचा आणि सोडायचा. पिळायचा नाही, पिळून कडा फाटतात आणि फाटलेल्या कडेतून गालावर रेघोट्या उठतात. दाबल्यावर निघणारं पाणी स्वच्छ आणि फेस नसलेलं असेल तर तो स्पंज झाला. रात्रभर मात्र बादलीत ठेवू नका.

डागांची फार चिंता करू नका. लाल, मॅजेंटा, गडद निळा आणि हिरवा हे रंग फोमला कायमचे धरतात. स्पंज गुलाबीच राहील, त्याने काही बिघडत नाही. उलट पांढराशुभ्र दिसणारा स्पंज स्वच्छ असेलच असंही नाही. पण आईबाबांना ते कोण समजावणार? म्हणून मी फार डागाळलेले स्पंज घरच्या सरावाला ठेवते.

घरी हीटर असलेलं वॉशिंग मशिन असेल तर हाताने धुऊन झाल्यावर स्पंज जाळीच्या पिशवीत घालून ६० अंशांवर एकदा फिरवून घ्या, पण फॅब्रिक कंडिशनर न घालता. कंडिशनरचा थर बसला की स्पंज पाणी नीट घेत नाही, शिवाय तो सुगंध एखाद्या मुलाच्या त्वचेला सोसत नाही. स्पंज उकळायचा प्रयोग मी केला आहे, दोन-तीन वेळांत फोम ठिसूळ होऊन चुरा पडायला लागला. मायक्रोवेव्हचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कोरडा स्पंज आत पेट घेऊ शकतो.

पण कितीही धुतलात तरी एक चूक त्याने भरून येत नाही, आणि ती जवळपास प्रत्येक जण सुरुवातीला करतो. मीही केली. पहिल्या वर्षी एका सोसायटीच्या गणपतीत मी चार स्पंज घेऊन बसले होते: पांढऱ्याचा, पिवळ्याचा, लालचा, निळ्याचा. रंगागणिक स्पंज, मुलागणिक नाही. साठेक मुलं झाली. मला वाटत होतं की मी फार टापटिपीने काम करते आहे, कारण रंग एकमेकांत मिसळत नव्हते! रंग मिसळत नव्हते, पण साठ मुलांचे गाल, नाकं आणि पापण्या मात्र त्या चार स्पंजांनी एकमेकांना जोडून दिल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्या सोसायटीत काही मुलांचे डोळे आले. माझ्यामुळे आले असं कुणी म्हटलं नाही आणि मलाही ते सांगता येणार नाही. मुलं आठवडाभर मांडवात एकत्र खेळत होती. पण माझ्यामुळे नाही आले, हेही मला छातीठोकपणे म्हणता येईना. त्या दिवसापासून एक मूल, एक स्पंज.

मी आधी स्नेहसंमेलनांना आणि हौशी नाटकांना रंगभूषा करायचे. ज्या काकांच्या हाताखाली शिकले त्यांच्या पेटीत नेहमीच्या नटांचे स्पंज वेगळे असायचे, प्रत्येकाच्या कापडी पिशवीवर पेनने नाव. नाटकात तीच आठ-दहा माणसं महिनोन्‌महिने असतात. वाढदिवसाला ओळीने चाळीस अनोळखी चेहरे येतात, त्यात एक शिंकत असतो, एकाच्या नाकाखाली चिकचिक असते. नाटकातली सवय इथे तशीच चालत नाही, हे मला जरा उशिरा कळलं.

चाळीस मुलांना चाळीस स्पंज म्हणजे खर्च फार, असं वाटेल. अर्धगोल स्पंज घ्या आणि धारदार कटरने मधोमध दोन तुकडे करा. वीस स्पंजांत चाळीस तुकडे, वर आठ-दहा जास्तीचे, कारण यजमानांची पुतणी, वॉचमनचा मुलगा, शेजारची जुळी हे आयत्या वेळी येतातच. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटकडे, पुण्यात तुळशीबाग-बोहरी आळीत मेकअपचे स्पंज घाऊक मिळतात. नीट वाळवले तर एक संच बरेच महिने जातो.

एकाच तुकड्यावर तीन-चार रंग कसे सांभाळायचे, हा पुढचा प्रश्न. वाघ घ्या. आधी फिका रंग: स्पंजाच्या सपाट बाजूने तोंडाभोवती आणि भुवयांवर पांढरा. मग तुकडा फिरवून गोल पाठीने कपाळ-गालांवर पिवळा. कडेला नारिंगी हवा तो टोकाने. पट्टे ब्रशने. एका तुकड्याला पाठ, पोट आणि दोन टोकं असतात, चार रंग सहज बसतात. स्पंज फार ओला करू नका, दाबून पाणी काढून जेमतेम ओलसर. पाणी ठिबकलं की रंग डोळ्यात जातो आणि मूल डोळे चोळतं.

वापरलेला तुकडा परत टेबलावर ठेवायचा नाही. माझ्याकडे दोन जाळीच्या पिशव्या असतात, हिरवी आणि लाल. हिरवीतून काढायचा, मुलाचं झालं की लाल पिशवीत. लालमधून काही बाहेर येत नाही. घाईत, डीजेच्या आवाजात, "दीदी माझा नंबर" चालू असताना डोकं चालत नाही. तेव्हा हात आपोआप जाईल अशी जागा ठरलेली हवी.

ब्रशाचं गणित वेगळं आहे. चाळीस मुलांना प्रत्येकी तीन म्हणजे एकशेवीस ब्रश कुणीच नेत नाही, मीही नाही. मी एकेका संचात तीन ब्रश असे चार-पाच संच नेते आणि फिरवत राहते. एक संच वापरात, बाकीचे स्वच्छ होऊन वाळत. दोन मुलांच्या मधे ब्रशावर काय करायचं, यात बहुतेकांचा क्रम चुकतो. रंगाने माखलेल्या ब्रशावर स्प्रे मारून उपयोग नाही. रंग आणि त्वचेचा तेलकटपणा जंतूंवर पांघरुणासारखा असतो, औषध त्याच्या वरच थांबतं. आधी ब्रश पाण्यात खळबळून टिश्यूवर पुसायचा, रंग निघायचा थांबेपर्यंत. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा, केस पूर्ण भिजतील असा. निदान मिनिटभर तो ओला राहू द्यायचा. मग कोऱ्या टिश्यूवर आडवा ठेवून पूर्ण वाळू द्यायचा. अल्कोहोलचा ओला ब्रश पापणीजवळ नेलात तर मूल किंचाळेल, आणि ते बरोबरच आहे. म्हणूनच एकाहून जास्त संच लागतात.

७० टक्केच का, तर जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं हे इथे लागू नाही. अल्कोहोल जंतूंची प्रथिनं बिघडवतं आणि त्याला पाणी लागतं. ९९ टक्क्यांचं द्रावण काम होण्याआधीच उडून जातं. उलट ५० टक्क्यांच्या खाली गेलं की जोर झपाट्याने कमी होतो, त्यामुळे रंगाच्या मगात दोन झाकणं स्पिरिट ओतणं ही निव्वळ मनाची समजूत. ९९ टक्क्यांचं मिळालं तर ७० मिलीत ३० मिली डिस्टिल्ड वॉटर घाला. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट घेणार असाल तर लेबल वाचा. काही प्रकारांत एरंडेल आणि विंटरग्रीनचं तेल घातलेलं असतं, ते चेहऱ्याच्या ब्रशावर नको. हँड सॅनिटायझरचं जेलही नको, केस चिकट होतात. आणि ही बाटली केकच्या मेणबत्त्यांपासून, गणपतीत समईपासून लांब ठेवा. भपकन पेटते.

अल्कोहोललाही मर्यादा आहे. डोळे येण्यामागे बऱ्याचदा असणारा अ‍ॅडिनोव्हायरस, किंवा लहान मुलांच्या हाता-पायांवर आणि तोंडात फोड आणणारे विषाणू त्याला तितकीशी दाद देत नाहीत. त्यांच्याविरुद्ध साबण-पाण्याने चोळून धुणं, आणि मुळात त्या चेहऱ्याला ब्रश न लावणं, हेच खरं. त्यावर पुढे बोलते.

तुमच्या डेटॉलबद्दल. मगभर पाण्यात टाकलेलं थोडं डेटॉल पाचव्या-सहाव्या मुलापर्यंत रंगाने इतकं गढूळ होतं की त्यात बुडवणं म्हणजे सगळ्यांचं एकत्र आंघोळीचं पाणी. शिवाय तो ब्रश न धुता गालावर गेला की नाजूक त्वचा चुरचुरते, आणि वासाने मुलांना दवाखाना आठवतो. व्हिनेगर तर जंतुनाशक म्हणून धरूच नका. ब्लीच मी फक्त पाण्याचे पेले आणि ट्रे यांच्यासाठी वापरते: ५ टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात २० मिली, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुऊन. स्पंजाला आणि केसांना ते खातं. ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड, एकत्र कधीही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

घरी आल्यावर ब्रशांना नीट आंघोळ. तळहातावर बेबी शाम्पूचा थेंब, कोमट पाणी, ब्रश गोल गोल फिरवायचा. मग केस जिथे पत्र्याच्या नळीत शिरतात तिथे अंगठ्याने हळू दाबत टोकाकडे ओढायचं. वरून स्वच्छ दिसणाऱ्या ब्रशातूनही इथे निळाकाळा ओघळ येतो. तुमचे खराटे इथेच तयार झालेत: मुळाशी रंग वाळून दगड होतो आणि केस फाकवतो. एकदा मांजरीच्या पांढऱ्या मिश्या गुलाबी उमटायला लागल्या, तेव्हा मला कळलं की आदल्या दिवशीचा लाल अजून मुळाशी बसलाय. गरम पाणी नको, त्याने नळीतला गोंद सुटतो. पेल्यात उभा भिजत ठेवणं तर अजिबात नको, टोक वाकतं आणि दांडा फुगून रंगाचे पोपडे उडतात. धुऊन झाल्यावर बोटांनी टोक जुळवा आणि ब्रश आडवा, किंवा केस खाली करून टांगून वाळवा. केस वर करून पेनस्टँडमध्ये उभा केला की पाणी उतरून नळीत साचतं.

पाणी घरून न्या. मी पिण्याच्या पाण्याचे दोन लिटरचे दोन कॅन नेते. बागेच्या नळाचं, टँकरचं पाणी कुठून आलंय सांगता येत नाही आणि ते थेट रंगाच्या वडीत जातं. तीन पेले ठेवते: पहिल्यात खळबळायचं, दुसऱ्यात पुन्हा, तिसऱ्यात फक्त स्वच्छ ब्रश ओला करायला. पहिला पेला दर चार-पाच मुलांनी बदलायचा.

रंगाच्या वडीकडे कुणी बघतच नाही. ब्रश गालावरून वडीवर, वडीवरून पुढच्या गालावर. मे २००९ मध्ये अमेरिकेत फेस पेंटचे काही रंग बाजारातून परत मागवले गेले, कारण एका कार्यक्रमात ते लावलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर पुरळ, खाज आणि सूज आली होती. तिथल्या एफडीएच्या, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाच्या, तपासणीत रंगांत सूक्ष्मजंतूंचं मोठं प्रमाण सापडलं. म्हणजे न वापरलेल्या रंगातही हे होऊ शकतं, मग आपण रोज ओल्या करतो त्या वड्यांचं काय! रंगात जंतुरोधक घातलेलं असतं, पण ते घाण पाण्यापुढे किती पुरणार? कार्यक्रमानंतर वडीचा वरचा थर कोऱ्या ओलसर टिश्यूने पुसा, अल्कोहोलचा हलका फवारा मारा आणि झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळू द्या. ओल्या वडीवर झाकण लावलं की काळे ठिपके येतात. ठिपके आले, वास बदलला, की खरवडून वापरायचा नाही, टाकायचा.

आता नकार द्यायचं. रंगवण्याआधी चेहरा नीट बघायचा. लाल, चिकट डोळे, नाका-तोंडाभोवती मधासारख्या पिवळ्या खपल्या, ओठावर तापाचे फोड, गजकर्णाची गोल चकती, मोत्यासारखे बारीक चमकदार फोड, उघडी जखम. यातलं काही दिसलं तर चेहरा नाही. पण पोराला रांगेत सगळ्यांसमोर "तुला काहीतरी झालंय" म्हणायचं नाही. मी म्हणते, "तुझ्यासाठी स्पेशल गंमत आहे, हातावर कोळी काढू या?" आणि कापसाच्या काडीने काढते, रंग आधी झाकणात थोडा वेगळा काढून घेऊन. काडी आणि उरलेला रंग कचऱ्यात. हातावरही फोड असतील तर फुगा किंवा स्टिकर. आईला नंतर बाजूला घेऊन हळूच सांगायचं. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, आळंदीत तर शाळेतली पोरं मोठ्या संख्येने आजारी पडली, तेव्हा मी काही आठवडे चेहऱ्याचं काम घेतलंच नाही, सरसकट हातावर. दोन कार्यक्रम रद्द झाले. बाकीच्यांनी समजून घेतलं.

ओठांना मी साथ नसतानाही ब्रश लावत नाही. लावायचाच झाला तर एका मुलाला एक काडी. चेहरा पुसायचे वेट वाइप्सही तसेच, एकाला एक.

त्या आईला काय सांगायचं? खरं तेच. "स्पंज प्रत्येकाला वेगळा, हा बघा. ब्रश दर मुलानंतर धुऊन स्पिरिटने पुसते, तोवर दुसरा संच वापरते." आणि दोन्ही पिशव्या दाखवायच्या. मी हल्ली टेबल मांडतानाच त्या समोरच्या बाजूला अडकवते, म्हणजे प्रश्न यायच्या आधीच कळतं. विचारणाऱ्या आईचा राग मानू नका; माझ्याकडे पुन्हा पुन्हा बोलावणाऱ्यांत अशाच दोघी-तिघी आहेत.

आत्ताच्या सामानाचं सांगते. खराटा झालेल्या ब्रशांचे केस कृत्रिम असतील तर मुळातला रंग काढल्यावर फक्त टोक पाच-दहा सेकंद गरम पाण्यात धरा, पत्र्याची नळी बाहेर ठेवून, आणि बोटांनी आकार द्या. निम्मे तरी सुधारतील. जे सुधारणार नाहीत ते वडीवरची धूळ झटकायला ठेवा. कुबट वासाचे स्पंज मात्र धुऊन परत वापरायच्या भानगडीत पडू नका. माझ्याकडे असे निघाले की ते बुटांच्या पॉलिशच्या डब्यात जातात.